सरकारी इमारती-जमिनी सांभाळणाऱ्या साहेबांची नोकरी आतून कशी असते?

मांजराकाठ :
नमस्कार मंडळी. मी लातूरची, स्थापत्य शाखेची. एमपीएससीतून बांधकाम खात्यात सहायक अभियंता श्रेणी-२ म्हणून निवड झालीय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं आहे. कानावर असं आलंय की मला रस्त्यांकडं नाही, इमारतींच्या उपविभागाकडं देणार. तेव्हापासून घरात सुतक पडल्यासारखं वातावरण आहे. मामा म्हणतात, "इमारती म्हणजे साहेब लोकांच्या क्वार्टरचे नळ दुरुस्त करायचे. ह्याच्यासाठी शिकलीस का?" क्लासमधले मित्र तोंडावर अभिनंदन करतात अन् मागं 'साइड पोस्ट' म्हणतात.

या कामात राहून अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता झालेल्यांचा प्रवास कसा असतो? सरकारी मालमत्ता सांभाळण्यात खरंच काही करिअर आहे का? यूपीएससीचा एक प्रयत्नही शिल्लक आहे. त्यातून संरक्षण संपदा सेवा मिळते म्हणतात, त्याबद्दलही कुणी सांगावं.

खडकीकर :
अभिनंदन ताई! मामांना सांगा, मोठ्या साहेबांच्या घरचा नळ वेळेवर दुरुस्त झाला तर सीआर (गोपनीय अहवाल) चांगला जातो.

मस्करी सोडा. शिडी सगळ्यांना एकच : सहायक अभियंता, मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक, मुख्य. त्यावर मंत्रालयात सचिव (रस्ते) आणि सचिव (बांधकामे) ही दोन्ही पदं अभियंत्यांचीच आहेत, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. सातव्या वेतन आयोगात श्रेणी-१ ला ५६,१०० पासून अन् कार्यकारी अभियंत्याला ६७,७०० पासून मूळ वेतन. गट-अ, ब, क ची निवृत्ती ५८ ला. म्हणजे उशिरा लागलेला माणूस मुख्य अभियंता होतो ना होतो तोच निरोप समारंभाची शाल अंगावर.

गळकं_छप्पर :
ताई, मी याच खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. ३३ वर्षं, ११ बदल्या, मराठवाड्यातल्या आठपैकी सहा जिल्हे. रस्तेही केले, इमारतीही केल्या. तुमच्या मामांचं चुकत नाही, पण त्यांनी अर्धंच सांगितलं.

आधी पैशाचं बोलू, कारण खात्यात माणसाचं वजन त्याच्या लेखाशीर्षावर, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्याच्या क्रमांकावर ठरतं. ५०५४ म्हणजे नवे रस्ते-पूल. तिथं कोटींची कामं, कोनशिला, फीत, आमदार, बातमी. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल. तुमच्या वाट्याला येणार २०५९ आणि २२१६, म्हणजे सरकारी कार्यालयं आणि निवासस्थानं यांची दुरुस्ती. वर्षभर 'बीम्सवर (सरकारी निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) अनुदान आलं का' विचारत बसायचं अन् आलं की मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. दुरुस्त झालेल्या छपराचं उद्घाटन मी तरी कधी पाहिलं नाही. छप्पर गळालं नाही तर कुणाला कळतही नाही, अन् गळालं की तहसीलदार थेट कलेक्टरांच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव घेतात.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं. एका तालुक्याच्या गावी निजामकाळातलं तहसील कार्यालय होतं. दोन फुटी दगडी भिंती, चुन्यातलं काम, वर लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधे विटांच्या कमानी असलेलं छत. अभिलेख कक्षाचा कोपरा दर पावसाळ्यात गळायचा. माझ्या आधीच्यांनी एका वर्षी डांबरी फेल्ट मारलं. पुढं दोन वर्षांनी विटांचा कोबा केला, त्यानंतर त्यावर पुन्हा केमिकल. मोजमाप पुस्तकात सगळं व्यवस्थित, बिलं निघालेली, कोपरा मात्र गळतोय तो गळतोयच.

आमचे त्या वेळचे अधीक्षक अभियंता तपासणीला आले. ह्या माणसाची पद्धत अशी की गाडीतून उतरलं की केबिनमधे चहाला न बसता आधी गच्चीवर. खिशात एक रुपयाचं नाणं. नाण्यानं गिलावा टकटक वाजवत जायचे. कुठं बद्द वाजलं की थांबायचे आणि खडूनं गोल करायचे. त्या दिवशी कोपऱ्यात जाऊन खाली वाकले अन् पन्हाळीत हात घातला. आत कबुतराचं घरटं आणि त्याच्या खाली बोटाएवढं पिंपळाचं रोप, मुळं भिंतीत शिरलेली. पाणी तुंबून मागं फिरत होतं. तीन खेपा लाखांत खर्च झालेलं दुखणं एका मजुरानं कोयता आणि चुन्यानं दुपारपर्यंत संपवलं. मजूर कालेलकर निवाड्यातल्या रूपांतरित आस्थापनेवरचा, म्हणजे रोजंदारीवरून नियमित झालेला होता, त्याचे निवृत्तीला चार महिने राहिलेले. म्हणाला, "साहेब, ते पिंपळ म्या तीन वर्सं सांगायलो, कुणी वर चढायलाच तयार न्हाई."

साहेब पुढं मुख्य अभियंता झाले. रस्त्यांची मोठी कामं त्यांच्या वाट्याला फारशी आली नाहीत. संकल्पचित्र मंडळ, दक्षता व गुणनियंत्रण असल्या, ज्यांना तुमचे मित्र साइड पोस्ट म्हणतील अशा जागांवरच निम्मी नोकरी गेली. पण कोणती इमारत किती वर्षं उभी राहील हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, अन् म्हणून किल्लारीनंतर त्यांनाच बोलावणं आलं.

नांदेडी_पोरगा :
काका, किल्लारीचं सांगा ना. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो.

मांजराकाठ :
काका, निर्लेखन हा शब्द अभ्यासात सारखा येतो. पाडायलाही परवानगी लागते?

गळकं_छप्पर :
लागते म्हणजे? बांधायला सोपं, पाडायला अवघड! जुनी इमारत धोकादायक झाली तर स्ट्रक्चरल ऑडिट, मग निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदवहीतून कमी करायचा प्रस्ताव, आजची किंमत, निघणाऱ्या सागवानाची-लोखंडाची किंमत, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, लिलाव. तेवढ्यात पुढचा पावसाळा. मराठवाड्यात निजामकालीन शाळाखोल्यांचा प्रश्न इतकी वर्षं रेंगाळला त्यात पैशाइतकाच ह्या कागदाचाही हात आहे. खोली पडकी, पण नोंदवहीत उभी. नोंदवहीत उभी आहे तोवर नवी मंजूर होत नाही.

किल्लारीचं रात्री लिहितो.

खासरा_चोपन्न :
इथं सगळे अभियंतेच बोलायलेत म्हणून राहवलं नाही. मी महसुलातला, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त. इमारत बांधकाम खात्याची असते हो, पण तिच्याखालची जमीन? ती राखायचं काम आमचं. अन् मराठवाड्यात ते उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही.

आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. जमिनींचे प्रकार तरी किती : दिवाणी, जहागिरी, इनामी, अन् खुद्द निजामाच्या खासगीतली सर्फ-ए-खास, जी १९४९ ला सरकारात आली. इनामांसाठी १९५४ चा कायदा, कुळांसाठी १९५० चा हैदराबाद कुळकायदा. मुंबई राज्यात आपण आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. त्यामुळं पुणे-सातारकडच्या अधिकाऱ्याला जी कागदपत्रं तोंडपाठ असतात ती इथं नसतातच. इथं सगळ्याचा पाया म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. माझं टोपणनाव त्यावरूनच.

एका गावच्या शासकीय विश्रामगृहाची गोष्ट. आवार तीन एकराच्या वर, भोवती आता बाजारपेठ. एके दिवशी एकजण उर्दूतला मुंतखब (निजामकाळातला इनामाचा दाखला) घेऊन आला, म्हणे ही आमच्या आजोबांची इनाम जमीन. अर्ज, मग अपील. आम्ही बांधकाम खात्याला पत्र लिहिलं, तुमच्या ताब्याचे कागद द्या. उत्तर आलं : 'सदर विश्रामगृह या कार्यालयाच्या ताब्यात पूर्वापार आहे.' बास. ताबा पावती नाही, नकाशा नाही, सातबाऱ्यावर नाव लावलेलं नाही. ६० वर्षं तिथं मंत्र्यांनी मटण खाल्लं, पण जमीन कुणाची हे कुणी लिहून ठेवलं नाही!

मग मी अभिलेख कक्षात बसलो. खासरा पत्रकं लाल रुमालात बांधलेली असतात, गाठ सोडली की आधी झुरळं निघतात, मग कागद. तिसऱ्या दिवशी त्या गावचं पान मिळालं. नावाच्या रकान्यात 'सरकार', शेऱ्यात 'डाक बंगला'. मुंतखब गावातल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडून वाचून घेतला. तो खोटा नव्हता, पण त्यातला सर्व्हे नंबर शेजारचा होता. एका आकड्यावर आवार वाचलं. ते पान भिजलेलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार मी करत नाही.

(छप्पर साहेब, अभिलेख कक्षाचा गळका कोपरा तुम्ही दुरुस्त केला ना? मग हेही श्रेय थोडं तुमचं. तालुका तोच आहे की दुसरा हे मी इथं सांगणार नाही.)

बिनजमिनीचा :
खासरा काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. सरकारी जमीन राखली म्हणून तुम्ही लोक छाती फुगवता, पण राखली कुणापासून? डाक बंगल्याच्या आवाराचं ठीक आहे. आमच्या बीड जिल्ह्यात गायरानावर दोन पिढ्या कसणाऱ्या भूमिहीनांनाही तीच कलम ५० ची, अतिक्रमण काढायची नोटीस, अन् हॉटेल टाकणाऱ्या पुढाऱ्यालाही तीच. फरक एवढाच की पुढाऱ्याची नोटीस बजावली जात नाही. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची होती. मानवी हक्क अभियानाच्या एकनाथ आवाडांनी आयुष्य त्यात घातलं. कितीजणांचे सातबारे झाले, हे तुमच्या पेशातल्यांनीच सांगावं. मोठा अधिकारी कोण तर ज्यानं जास्त अतिक्रमण काढलं तो, असा हिशोब असेल तर मला ते करिअर कळत नाही.

खासरा_चोपन्न :
तुमचं बोलणं लागलं, अन् लागायलाच पाहिजे. २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंह निकाल आला, त्यानंतर राज्याचाही गायरानाचा शासन निर्णय आला, तेव्हापासून वरून एकच शब्द : काढा. पण त्याच निकालात भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना शासनानं दिलेल्या जमिनींचा अपवादही आहे, तो खाली पोचेपर्यंत गळून पडतो. मी स्वतः १९९० आधीचे पुरावे घेऊन काही प्रकरणं पाठवली होती. पीकपेरा नाही, दंडाच्या पावत्या नाहीत म्हणून परत आली. पावत्या नाहीत कारण तलाठ्यानं दंड घेतला अन् पावती दिली नाही. तिथंही कागदच. यापेक्षा जास्त बचाव माझ्याकडं नाही.

छावणी_रोड :
धागा चांगला रंगलाय. संरक्षण संपदा सेवेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. घर संभाजीनगरच्या छावणीला लागून, त्यामुळं लहानपणापासून हे पाहतोय.

ही सेवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच मिळते, दरवर्षी जागा मोजक्याच. देशात संरक्षण खात्याची जमीन सुमारे १७-१८ लाख एकर, म्हणजे सरकारातला मोठ्यात मोठा जमीनदार. ती सांभाळणारे हे अधिकारी. सुरुवात छावणी परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा संपदा अधिकारी म्हणून, आणि शेवट दिल्लीत महासंचालक. स्टेशन कमांडर हा परिषदेचा अध्यक्ष, पण रोजचा कारभार ह्या अधिकाऱ्याकडं : पाणी, गटार, शाळा, दवाखाना, बांधकाम परवाने, कर. एका लहान नगरपालिकेचं सगळं, वर लष्कराची शिस्त.

आणि कागदाचं म्हणाल तर खासरा काकांना इथं घरी आल्यासारखं वाटेल. छावणीच्या हद्दीतल्या जमिनीचं जनरल लँड रजिस्टर, हद्दीबाहेरच्या लष्करी जमिनीचं वेगळं रजिस्टर, सगळं १९३७ च्या नियमांपासून चालत आलेलं. 'ओल्ड ग्रँट' बंगले हा तर खास प्रकार : जमीन सरकारची, वर उभी असलेली वास्तू धारकाची. चार पिढ्या राहणाऱ्या माणसाला जाऊन सांगायचं की भिंती तुमच्या, माती आमची. खटले पिढ्यान् पिढ्या चालतात. आता छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करायचं धोरण आलंय, त्यामुळं पुढं ह्या सेवेचं स्वरूप बदलेल. विचार करून पसंतीक्रम भरा.

आणखी एक दार आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभाग, अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून. पण मग मराठवाडा विसरा.

सध्या_सेवेत :
मांजराकाठ, मी तुमच्याच पदावर सहा वर्षं आहे, त्यामुळं नाव-गाव विचारू नका. तीनच गोष्टी सांगते. इमारतींच्या कामात मुक्कामी परत येता येतं. रस्त्याच्या कामावर डांबरीकरण सुरू असताना रात्री बारापर्यंत प्लांटवर उभं राहावं लागतं, आणि प्लांटवर बाईसाठी स्वच्छतागृह नसतं. त्यामुळं 'साइड पोस्ट'वर मी खूश आहे. दुसरं, बदलीचा कायदा २००५ चा, साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, पण गरोदरपणात कोकणात टाकतील तेव्हा तो कायदा वाचून काही उपयोग होत नाही. तिसरं, जी कामं तुम्ही पाहिली नाहीत त्यांच्या मोजमाप पुस्तकावर सही करू नका. कुणी 'मॅडम, आधीच्या साहेबांनी चेक केलंय' म्हणालं तरी. विशेषतः तेव्हा.

गळकं_छप्पर :
मॅडमच्या तिसऱ्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. मी तेव्हा शाखा अभियंता, उजाडता उजाडता जीपनं निघालो. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवदाचा मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा म्हणून दर पिढीनं वर माती चढवलेली. तीच अंगावर आली. आपला भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात धरलेला होता. तो झोन बदलून वरचा व्हायला २००२ उजाडलं.

५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. तेव्हाचे लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या खाली ज्यांची नावं कुठं नाहीत अशा अभियंत्यांची, भूमापकांची फौज होती. १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. नकाशावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात एका म्हातारीनं मला विचारलं, "लेकरा, चार भाऊ एका वाड्यात होते, आता चार गल्ल्यांत टाकलेस. भांडायला जाऊ कुठं?" मी हसलो होतो. नंतर त्याच गावात दोन वर्षांनी गेलो तर लोकांनी भावाभावांची घरं आपापसात अदलाबदल करून घेतलेली होती. कागदावर मालक एक, राहणारा दुसरा. खासरा काका, ह्या घोळाची प्रकरणं तुमच्याकडं आली असतील.

नाण्यावाले साहेब तेव्हा पट्टीवर फार अडून बसायचे. जोत्याला अन् लिंटलला सलग काँक्रीटची पट्टी नसेल तर काम थांबवायचे. कंत्राटदार वरपर्यंत तक्रारी घेऊन गेले, साहेबांची बदली होणार अशी हवा उठली. झाली नाही. का नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

शेवटचं, निवृत्तीबद्दल. ह्या क्षेत्रातला मोठा अधिकारी कसा निवृत्त होतो ते पाहा. आयुष्यभर दुसऱ्यांची क्वार्टर रिकामी करून घेतलेला माणूस स्वतःची सोडताना रडकुंडीला येतो. ना-देय प्रमाणपत्र मिळेपर्यंत उपदान (ग्रॅच्युइटी) अडकतं, मुदतीबाहेर राहिलं तर दंडनीय दरानं भाडं, आणि त्याच्याही पुढं १९५५ चा निष्कासनाचा कायदा. माझ्या बाबतीत गिझर एक कमी भरला. तो मी येण्याआधीच गायब होता, पण ताबा घेताना मी यादी न वाचता सही केली होती. पगारातून वसूल. आणि चौकशी! निवृत्तिवेतन नियमांत आहे की निवृत्तीनंतर नवी चौकशी लावायची तर घटना चार वर्षांच्या आतली हवी. म्हणून निवृत्त झालेला प्रत्येक अभियंता चार वर्षं पोस्टमनला घाबरतो. माझी चार गेल्या वर्षी संपली. त्या दिवशी बायकोनं पुरणपोळी केली.

खडकीकर :
गिझर 😀 काका, आमच्या शेजारच्या साहेबांचं तर पाण्याच्या टाकीचं झाकण भरलं नव्हतं.

मांजराकाठ :
सगळ्यांचे आभार. मामांना धागा वाचून दाखवला. गायरानाच्या वादापर्यंत गप्प होते, डाक बंगल्याच्या मटणावर हसले. यूपीएससीचा प्रयत्न देणार आहे, पण आधी हजर होते.

मांजराकाठ (पाच आठवड्यांनी) :
हजर झाले. इमारतींचाच उपविभाग. पहिल्या दिवशी ताब्यातल्या मालमत्तेची यादी दिली, १४० च्या वर इमारती. गळकं_छप्पर काकांचं ऐकून सही केली नाही, म्हटलं आधी इमारत नोंदवही आणि जमिनीचे कागद दाखवा. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. शेवटी वरिष्ठ लिपिक म्हणाले, "मॅडम, ते लोखंडी कपाटात आहे. किल्ली भाऊसाहेबांकडं, ते रजेवर आहेत. सोमवारी येतील." हे ऐकून दोन सोमवार झालेत.

खासरा_चोपन्न :
तोंडी विचारू नका. पत्र द्या, आवक क्रमांक घ्या.

गळकं_छप्पर :
आणि कपाट कुठल्या भिंतीला लागून आहे ते पाहा. वर गच्चीवर पन्हाळ कुठं येते तेही.